सापळा उतरवण्याआधी

४ सप्टेंबर

मामा,

तुझा सापळा उतरवायचं ठरलं आहे. संचालकांनी आज दुपारी मला बोलावून स्वतः सांगितलं, म्हणजे ही कॅन्टीनमधली बातमी नाही. महिना संपताना आढावा समिती येईल. माझ्या फ्रिजमधला क्युबिट आणि तुझ्या सापळ्यातला आयन यांच्यात दुवा जुळतो, याचा पुरावा तोवर मिळाला नाही, तर लेसर खोक्यांत जातील आणि खोली रिकामी होईल.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. संस्थेच्या ईमेल तू उघडत नाहीस, माझा फोन उचलत नाहीस. पत्र मात्र फोडशील, निदान आई तरी फोडेल. (आई, वाचून दाखवत असशील तर सगळं वाच. तो चिडेल असं वाटलं तरी मधलं गाळू नकोस. क्युबिट म्हणजे आमच्या क्वांटम संगणकातला हिशेब करणारा भाग, तो अतिथंड फ्रिजमध्ये राहतो, आणि सापळा म्हणजे मामाचं अणू पकडून ठेवायचं यंत्र.)

तू गेल्यानंतरचं थोडक्यात सांगते. दुवा बांधून झाला आहे. फ्रिजच्या तळाशी, आमच्या चिपला खेटून, दुभाष्या बसवला. हे नाव तू थट्टेने ठेवलं होतंस, आता ते अहवालातही छापून येतं. आमचा क्युबिट मायक्रोवेव्हमध्ये बोलतो आणि तुझा आयन प्रकाशात. हा दुभाष्या आमच्या मायक्रोवेव्हचा प्रकाश करतो. तो प्रकाश एका फायबरमधून येतो, तुझ्या आयनाचा दुसऱ्या फायबरमधून. दोघांची गाठ बोळातल्या टेबलावर पडते. तिथे दोन डिटेक्टर आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. बहुतेक वेळा काहीच होत नाही. क्वचित दोघांतला एक वाजतो, तेव्हा समजायचं की दुवा जुळला. लगेच दोन्ही खोल्यांत मोजमाप करायचं आणि उत्तरं ताडून बघायची.

इथवर सगळं ठीक. समिती दोन चाचण्या मागते. पहिलीत आमची उत्तरं छान जुळतात. पण चपलांच्या जोडीतली एक तू नेलीस आणि एक मी, तर तुझ्याकडे डावी निघाल्यावर माझ्याकडे उजवी असणारच. तसलं साधं जुळणंही पहिल्या चाचणीत खपून जातं. खरा दुवा आहे की नाही, ते दुसरी चाचणी सांगते. आणि दुसरीत आमचं उत्तर कायम शून्य येतं. थोडं कमी-जास्त झालं असतं तरी धरायला काहीतरी मिळालं असतं. हे सपाट शून्य आहे.

तुझी शेवटची विद्यार्थिनी, जिला तू चष्मेवाली म्हणायचास, ती आता सापळा एकटी सांभाळते. तुझ्यासारखीच, कामापुरतं बोलते. आयन तिने नीट ठेवले आहेत. तिच्या बाजूला चूक नाही, असं ती म्हणते. आमचे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर म्हणतात, फ्रिजच्या बाजूला नाही. मग शून्य येतं कुठून?

खोली रिकामी झाल्यावर त्या खोलीचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.

काही सुचलं तर कळव. चिडून कळवलंस तरी चालेल.

ठमी

११ सप्टेंबर

मामा,

काल आईचा फोन आला. तुझं उत्तर तिने शब्दशः सांगितलं: "कोठीघराला कुलूप लागलं तर माझं काय गेलं, म्हणावं." एवढं बोलून तू मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ नुसता उभा होतास, असंही ती म्हणाली. हे ठमीला सांगू नकोस असं तू तिला बजावलं होतंस, तेही तिने सांगितलं. तू इतकी वर्षं तिचा धाकटा भाऊ आहेस, तरी तिला गुपित सांगतोस याचं मला नवल वाटतं.

कोठीघर हा शब्द तू अजून धरून बसला आहेस तर.

ती बैठक मलाही आठवते. योजना मांडत होते मी. आमचे क्युबिट वेगवान आहेत पण विसराळू, पापणी लवायच्या आत सांगितलेलं विसरतात. तुझे आयन सावकाश, पण एकदा सांगितलेलं मिनिटभर धरून ठेवतात. म्हणून हिशेब फ्रिजने करावा आणि उत्तरं सापळ्याने जपावीत. आकृतीत तुझ्या खोलीच्या चौकटीत 'स्मृती' एवढाच शब्द होता. तू खुर्ची मागे सारलीस आणि म्हणालास, "माझा सापळा म्हणजे तुमच्या घराचं कोठीघर नाही. इथे कामं होतात, पोती रचून ठेवत नाहीत." आणि गेलास. आधी खोलीतून, मग महिन्याभरात संस्थेतून, मग गावातूनच.

योजना चुकली असं मला आजही वाटत नाही. तुझं मन राखायला तसं लिहिणार नाही, लिहिलं तर तुलाच आवडणार नाही. स्मृती म्हणण्यात कमीपणा कसला, ते मात्र मला खरंच समजलेलं नाही. आपल्या घरी सगळ्यांची औषधं, कागद, कोण कुणावर का रुसलंय, हे लक्षात ठेवणारं माणूस एकच आहे, आई. ती उद्या विसरायला लागली तर तुझं आणि माझं काय होईल? आपण दोघं भराभर बोलतो आणि लगेच विसरतो. म्हणजे मी विसरते. तू नाही विसरत, हे दिसतंच आहे.

आता खोलीचं. ती कुणाला मिळणार असं तू आईला विचारलंस. तिने माझ्या पत्रातलं वाक्य वाचून दाखवलं, की अजून ठरलेलं नाही. त्यावर तू हसलास म्हणे. बरोबर हसलास. खोली माझ्या गटाला मिळणार आहे. तिथे दुसरा फ्रिज बसेल. तो मी बराच काळ मागते आहे, आणि आता न मागता मिळेल, फक्त दुवा जुळला नाही पाहिजे. हे पहिल्याच पत्रात लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलं नसतंस. आता लिहिते आहे, कारण तुला आधीच कळलं आहे.

मग मी ही धडपड का करते, असं तू विचारशील. एक कारण सांगते, पटलं तर बघ. मी शाळेत होते. आईला दवाखान्यात जायचं होतं म्हणून तिने मला तुझ्या प्रयोगशाळेत बसवलं होतं. मी कंटाळले होते. तू पडद्यापाशी बोलावलंस. काळ्या पडद्यावर एक निळसर ठिपका होता. मला वाटलं पडदा बिघडलाय. तू म्हणालास, "हा एक." मी विचारलं, एक काय? "एक अणू. भार देऊन पकडून ठेवलाय, म्हणून आयन म्हणायचं. हात लावू नकोस, बघ नुसती." मग तू तुझ्या कामाला लागलास. मी आई येईपर्यंत तो ठिपका बघत होते. घरी येऊन सांगितलं, मी एक अणू बघितला, तर कुणी विश्वास ठेवला नाही.

मी पुढे आयनांकडे न जाता फ्रिजकडे गेले, याचं तुला वाईट वाटलं होतं, हे माहीत आहे. पण तो पडदा ज्या खोलीत आहे, तिथे माझ्या सहीने दुसरा फ्रिज बसावा, हे मला नको आहे.

आणि तुझ्याकडे उत्तर असावं, असं मला आपलं वाटतं. तू आईला आणखी काय विचारलंस ते ती सांगत होती, पण तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि तिने फोन ठेवला.

ठमी

१५ सप्टेंबर

मामा,

चूक सापडली. चष्मेवालीने आणि आमच्या इंजिनिअरांनी आज दुपारी बोळातल्या टेबलाशी एकत्र उभं राहून खात्री केली. ते दोघे एका टेबलाशी उभे राहिले, हीसुद्धा बातमीच आहे.

आईने सकाळी पुन्हा फोन केला. आधी गुडघ्याचं झालं, मग शेजारच्यांच्या मुलाच्या लग्नाचं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "हां, तो म्हणत होता, त्यांना दोन कान आहेत ना, डाव्याने ऐकलेलं आणि उजव्याने ऐकलेलं वेगवेगळं ठेवतात की एकाच मडक्यात ओततात, एवढं विचार. मला काही समजलं नाही, तू बघ."

मला समजायला अर्धं मिनिट लागलं. मग मी बोळात धावत गेले, आणि मी धावताना कशी दिसते हे तुला माहीत आहे.

डिटेक्टर दोन, पण त्यांच्या दोन तारा मध्येच एका जोडाने एकत्र केलेल्या. पुढे मोजणी यंत्रात एकच तार जात होती. टीच्या आकाराचा साधा पितळी जोड, कुणाच्याही खणात चार सापडतील असा. मी इंजिनिअरांना विचारलं, हे कुणी लावलं? ते म्हणाले, मीच. यंत्रावर एकच जागा मोकळी होती. डावा वाजला काय नि उजवा वाजला काय, वाजला म्हणजे झालं. आमच्याकडे फ्रिजमध्ये डावं-उजवं असतं कुठे?

चष्मेवाली दारात येऊन उभी होती. मी तिला विचारलं, तू हा जोड बघितला होतास?

"हो, पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही पुढे कुठेतरी वेगळं करत असाल. इतकी साधी गोष्ट कोण विसरेल?"

आईसाठी इथे जरा सोपं करून लिहिते, म्हणजे तिला वाचताना अडणार नाही. डावा वाजला तर दुवा एका चालीचा असतो आणि उजवा वाजला तर बरोबर उलट्या चालीचा. दोन्ही दुवे खरेच. पहिल्या चाचणीत हा फरक दिसत नाही, म्हणून तिथे सगळं जुळत होतं. दुसऱ्या चाचणीत तेवढाच दिसतो. डाव्याचं उत्तर अधिक, उजव्याचं तितकंच उणे. दोन्ही एकत्र ओतले की शून्य. आई, तू घरात गरम आणि गार पाणी एका बादलीत घेतेस आणि मग म्हणतेस, आज गरमही आलं नाही आणि गारही नाही. तसं.

तुमच्या खोलीत ही गोष्ट कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही, कारण तुम्हाला ती लिहायची गरजच कधी पडली नाही. आमच्या खोलीत ती कुणाला माहीत नव्हती, कारण आमच्याकडे सिग्नल एकाच तारेने येतो. दोन खोल्यांत एका बोळाचं अंतर. तू गेल्यापासून चष्मेवाली आमच्या दारावर चिठ्ठ्या चिकटवते आणि आमचे तिच्या. "लेसर चालू आहे." "दार आपटू नये." "कोणीतरी आमचा स्क्रू ड्रायव्हर नेला आहे." जोडाबद्दल चिठ्ठी कोण लिहिणार?

जुनी मोजमापं वाया गेली. कुठला कान वाजला, ते त्यांत नोंदलेलंच नाही. आता जोड काढला आहे, दुसरी तार ओढली आहे, आणि उद्यापासून सगळं नव्याने. वेळ थोडा आहे आणि फ्रिज आज जरा तापट आहे. दुभाष्याला लेसर जास्त दिला की चिप गरम होऊन रुसते, कमी दिला की कुणी वाजतच नाही. चष्मेवाली म्हणते, अजून वाढवा. इंजिनिअर म्हणतात, तुमचं काय जातंय. पण निदान आता तोंडाने म्हणतात.

तू एवढा एकच प्रश्न विचारलास. त्याआधी किती दिवस विचार करत होतास, ते आईला माहीत असेल. मी विचारणार नाही. ती सांगेलच.

ठमी

२० सप्टेंबर

मामा,

दुवा जुळतो. चष्मेवालीने काल उत्तर काढलं, इंजिनिअरांनी तिचं न बघता स्वतंत्रपणे काढलं, आणि आज सकाळी दोघांचे कागद शेजारी ठेवले. सारखे आहेत.

तू असतास तर पडद्याकडे एकदा बघून कामाला लागला असतास. आम्ही तसे नाही, आम्ही बघत बसलो. दोन रेघा होत्या. डाव्या डिटेक्टरची वर चढते तिथे उजव्याची खाली उतरते, मध्ये छेदतात, पुन्हा वेगळ्या होतात. इतके महिने ह्या दोन्ही तिथेच होत्या आणि आम्ही त्यांची बेरीज करून सपाट रेघ बघत होतो. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. इंजिनिअर तिला म्हणाले, तुमचा आयन बरा आहे हो. तिच्यासाठी हे मोठंच कौतुक होतं. ती म्हणाली, तुमचा फ्रिजही काही वाईट नाही, विसराळू आहे एवढंच.

संचालकांकडे जाताना इंजिनिअर जिन्यापर्यंत माझ्यासोबत आले. म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या फ्रिजची जागा गेली म्हणायची."

मी म्हटलं, गेली.

ते म्हणाले, बरं. आणि परत गेले. फ्रिजचे नकाशे त्यांनीच काढले होते, सुट्टीच्या दिवशी बसून. त्यांना वाईट वाटलं आहे आणि मला त्यावर काही करता येणार नाही. मलाही वाटलं. तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

संचालकांनी दोन्ही कागद नीट वाचले. सापळा उतरवायची गरज दिसत नाही, म्हणाले. पण पुढे एक गोष्ट निघाली आणि ती मी तुझ्यापुढे ठेवते. चष्मेवालीला दुसरीकडे जागा मिळाली आहे. वर्षाअखेरीला ती जाईल, तिने जावंच. त्यानंतर सापळा कोण चालवणार, असं समिती विचारणार, आणि त्याचं उत्तर आमच्याकडे नाही. चालवणारा माणूस नसेल तर दुव्याचा निकाल छापून येईल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि सापळा तरीही उतरेल. थोडा उशिरा आणि हार घालून.

तर विचारते. तू येशील का?

येण्याआधी काय आहे ते ऐकून घे. आकृतीत तुझ्या खोलीचं नाव स्मृती असंच आहे. ते बदलून 'सहयोगी एकक' वगैरे करू का, असं संचालकांनी विचारलं. मी नको म्हटलं. तुला गोड लागेल असा शब्द शोधून तुला आणायचं, म्हणजे तू पहिल्या दिवशी आकृती वाचशील आणि दुसऱ्या दिवशी परत जाशील. प्रकल्पाची प्रमुखही मीच राहणार. बैठकीत माझ्या हाताखाली बसावं लागेल. ज्या मुलीला तू 'हात लावू नकोस' म्हणालास, तिच्या.

पण एक गोष्ट मी या पंधरवड्यात शिकले, ती बैठकीत मला माहीत नव्हती. मी समजत होते की तुमच्याकडे ठेवायला द्यायचं आणि हवं तेव्हा मागून घ्यायचं, एवढाच संबंध. तसं नाही. दुवा कुठल्या चालीचा जुळला, हे ज्याला माहीत नाही त्याला ठेवलेलं परत घेताच येत नाही. आणि ते माहीत असलेली माणसं तुझ्या खोलीत तयार होतात, माझ्या नाही. ह्याला तू काय म्हणशील ते तू ठरव. मी कोठीघर म्हणणार नाही.

घाई नाही असं लिहिणार होते. पण घाई आहे. समिती पुढच्या सोमवारी येते.

ठमी

२४ सप्टेंबर

मामा,

तू येतो आहेस, असं आईने आज सकाळी कळवलं. तू स्वतः तिला तसं काही बोललेला नाहीस, हेही तिने कबूल केलं. पण रविवारी रात्रीच्या बसचं तिकीट तुझ्या शर्टाच्या खिशात आहे आणि तू तीन वेळा विचारलंस की तिकडे आता थंडी पडते का. इतका पुरावा माझ्या दुसऱ्या चाचणीलाही नव्हता.

तुझ्या अटी पोचल्या. बैठकीत तू बोलणार नाहीस, हे कबूल, पण एखादा सदस्य चुकीचं बोलला तर तू गप्प बसशील यावर इथे कुणाचा विश्वास नाही. दारांवरच्या चिठ्ठ्या काढायच्या, ही अट चष्मेवालीने आधीच पुरी केली. इंजिनिअरांनी फक्त स्क्रू ड्रायव्हरची राहू दिली आहे, तो मिळेपर्यंत. मी तुला घ्यायला बसस्टँडवर येऊ नये, हेही ठीक. तुला पोचल्यावर आधी एकट्याने खोली बघायची असेल.

फक्त शेवटच्या अटीवर थोडं अडलं आहे. आई म्हणाली, "भट्टी मी आल्याशिवाय कुणी पेटवायची नाही, असं म्हणतोय. कसली भट्टी रे, म्हटलं, तर म्हणाला तिला कळेल."

कळलं. परवा वीज गेली आणि सापळा रिकामा झाला. चष्मेवालीने तुला कळवलं असणार, म्हणजे तिच्याशी तू बोलतोस तर. समितीसमोर दुवा जोडून दाखवायचा तर त्याच सकाळी भट्टी तापवून नवे अणू सोडायचे, ते पकडायचे आणि शांत होईपर्यंत थांबायचं. तिला यासाठी तास लागतो. तुला अर्धा लागायचा, असं ती म्हणते. हे तुला सांगू नका, असंही म्हणते.

आम्ही तिघांनी बसून ठरवलं ते असं. समिती सोमवारी अकराला येईल. तुझी बस नऊला पोचते, रस्त्यात रखडली नाही तर. फ्रिज रविवारपासूनच थंड करून ठेवलेला असेल, दुभाष्या तपासलेला असेल, दोन्ही डिटेक्टरांच्या तारा वेगळ्या आहेत की नाहीत ते मी स्वतः बघेन. दहा वाजेपर्यंत भट्टीला कुणी हात लावणार नाही. दहाला चष्मेवाली ती चालू करेल, तू आलेला असलास तरी आणि नसलास तरी. तू उशिरा पोचलास तर रागावशील, हे तिला माहीत आहे. तिने म्हटलं, रागावू देत, पण येऊन रागावू देत.

ठमी